बालवाडी ते दुसरीच्या वर्गातील वर्तन : नाशिकमधील नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये बालवाडी, अंगणवाडी किंवा पहिलीच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे जूनच्या मध्यापासूनचे काही आठवडे शिकवण्यापेक्षा वर्ग सांभाळण्यातच जातात. कोणी दाराशी बसून रडते, कोणी शेजाऱ्याला चावते, कोणी हाक मारली तरी ढिम्म हलत नाही. एकाच सतरंजीवर बसलेली ही मुले अगदी वेगवेगळ्या घरांतून आलेली असतात, आणि या गोंधळातला मोठा वाटा त्या वेगळेपणाचा असतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींभोवती उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कामगारांची मुले आहेत, जुन्या नाशकात उर्दू बोलणारी घरे आहेत, देवळालीला जवानांची देशभरातून आलेली कुटुंबे आहेत, मालेगाव-बागलाणकडून शहरात स्थिरावलेल्या घरांत अहिराणी चालते, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांच्या आपापल्या बोली आहेत.

हे मार्गदर्शन तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने याच वयोगटाला पायाभूत स्तर म्हटले आहे. यात सांगितलेल्या गोष्टींचा क्रम मात्र पाळावा : आधी माहिती आणि नोंद, मग वर्गाच्या व्यवस्थेत बदल, आणि त्यानंतरही अडचण उरली तरच त्या एका मुलासाठी वेगळा उपाय. बहुतेक वर्गांत हा क्रम उलटा चालतो आणि सुरुवातच मुलाला सुधारण्यापासून होते.

पहिली पायरी : हजेरीपत्रकात नसलेली माहिती

प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख, आधार क्रमांक, पत्ता हे सगळे लिहून घेतले जाते. पण वर्तनाच्या दृष्टीने उपयोगाची माहिती त्यात नसते. ज्याचे नाव हजेरीपत्रकात आदित्यराज आहे, त्याला जन्मापासून सगळे छोटू म्हणत असतील, तर शाळेच्या पहिल्या आठवड्यात आदित्यराज ही हाक आपल्यासाठी आहे हेच त्याला कळत नाही, आणि शिक्षकांच्या वहीत मात्र ‘लक्ष देत नाही, ऐकत नाही’ असा शेरा पडतो. म्हणून पहिल्या भेटीत आईला किंवा आणून सोडणाऱ्या आजीला सहज बोलता बोलता विचारावे : घरी काय म्हणून हाक मारता, दिवसभर कोणाजवळ असतो, झोपताना कोणाजवळ निजतो, रडायला लागला की कशाने शांत होतो, काय खात नाही, कधी कान फुटला होता का, आणि लघवीला जायचे असले की तो कोणता शब्द वापरतो. हा शेवटचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो; परंतु चड्डीत लघवी होण्याचे कित्येक प्रसंग केवळ तो शब्द शिक्षकांना ठाऊक नसल्यामुळे घडतात, आणि त्यानंतरचे हसणे, चिडवणे, मारामारी हे सगळे ओघाने येते.

वर्गात ज्या ज्या घरभाषा असतील त्यांतील मोजकी वाक्ये शिक्षकांनी पाठ करून टाकावीत : पाणी हवे का, कुठे दुखते, आई येणार आहे, आता याची पाळी मग तुझी, पुरे. ही वाक्ये मदतनीस ताईंकडून, पालकांकडून किंवा वरच्या वर्गातील भावंडांकडून मिळतात. अहिराणी बोलणारे मूल ‘माले घर जानं शे’ असे म्हणत असताना ‘मराठीत नीट बोल’ असे सांगण्याने त्याचे रडणे थांबत नाही. त्याला त्याच्याच बोलीत दोन शब्द ऐकू आले की निदान आपले म्हणणे पोचले एवढे तरी समजते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि वर्गात घरच्या भाषेला जागा देण्यासाठी नव्या शिक्षकाला याहून वेगळ्या परवानगीची गरज नाही.

ही माहिती ज्या वहीत लिहाल, तिच्यातच एक दिनदर्शिका लिहून ठेवावी. छठपूजेच्या काळात रामकुंडावर पहाटे गेलेले मूल, रमजानमध्ये घरच्यांबरोबर सहेरीला उठलेले मूल, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्र जागलेले मूल दुसऱ्या दिवशी चिडचिडे आणि पेंगुळलेले असणारच. द्राक्षबागांच्या छाटणीला आणि खुड्याला पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा काही मुले मध्येच निघून जातात, काही मध्येच दाखल होतात, आणि काही मोठ्या बहिणी कडेवर धाकटे भावंड घेऊन वर्गात येतात. त्या भावंडाला दारातून परत पाठवल्यास बहीणही परत जाते, हे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : नोंद

वर्तनाची नोंद हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम आहे. साधी दोनशे पानी वही घ्यावी, पानाचे तीन रकाने करावेत : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. त्यात फक्त डोळ्यांना दिसलेले आणि कानांना ऐकू आलेले लिहावे. ‘उद्धटपणा केला’, ‘हट्टीपणा’, ‘घरचे वळणच तसे’ ही वाक्ये नोंदी नसून निकाल आहेत, आणि निकाल लागला की पुढचे पाहणे थांबते.

एक नमुना पाहावा. ‘मधली सुट्टी सुरू होताना. हात धुण्याची रांग, नळ एकच. तो रांगेत चौथा. पुढच्या मुलीने वळून त्याच्या डब्याकडे पाहिले, नाक धरले आणि शेजारणीला काहीतरी सांगितले. दोघी हसल्या. त्याने तिला दोन्ही हातांनी ढकलले, ती पडली. मी त्याला रांगेतून बाहेर काढले आणि वर्गात एकट्याला बसवले. तिथे त्याने डबा उघडून खाल्ला.’ डब्यात नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. ही एकच नोंद वाचली तर मूल मारकुटे वाटते. आठवडाभरातल्या अशा नोंदी एकाखाली एक ठेवल्या की प्रत्येक वेळी डब्याचीच वेळ आहे, प्रत्येक वेळी रांग लांबली आहे आणि प्रत्येक वेळी ढकलल्यानंतर त्याला एकट्याने, कोणाच्या नजरेशिवाय जेवता आले आहे, हे दिसू लागते. शिक्षक ज्याला शिक्षा समजत होते, ती त्याच्या दृष्टीने सुटका होती. आणि ढकलले की सुटका होते हे तो शिकत होता.

म्हणून तिसरा रकाना काळजीने भरावा. लहान मुलाच्या त्रासदायक वर्तनामागे बहुधा चारांपैकी एखादा हेतू असतो : कोणाचे तरी लक्ष हवे असते, एखाद्या प्रसंगातून सुटायचे असते, एखादी वस्तू किंवा जागा हवी असते, किंवा शरीरालाच काहीतरी हवे असते, म्हणजे हालचाल, झोप, अन्न, शांतता. हेतू ओळखता आला की तोच हेतू साध्य करून देणारा दुसरा, चालण्यासारखा मार्ग मुलाला शिकवता येतो. वरच्या उदाहरणात त्या मुलाला ‘मला असं म्हणू नको’ हे वाक्य मोठ्या आवाजात म्हणायला शिकवणे आणि ते म्हटल्याबरोबर शिक्षकांनी तिथे पोचणे, हा त्याच्यापुरता उपाय झाला. मात्र खरा उपाय वर्गाच्या बाजूने करायचा आहे. नळाशेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि तांबे ठेवून रांग तुटेल असे पाहावे, डबे गोल करून खावेत, नागली, तांदूळ, बाजरी, गहू यांचे दाणे वर्गात आणून मुलांना हाताळू द्यावेत, आणि शिक्षकांनी स्वतः कोणाच्याही डब्याबाबत तोंडातून ‘शी’ काढू नये. मुलांनी नाक मुरडणे बहुतेक वेळा मोठ्यांकडूनच उचललेले असते.

तिसरी पायरी : वर्गाची व्यवस्था

तीन-चार वर्षांच्या मुलाकडून एका जागी दहा मिनिटांच्या पुढे शांत बसण्याची अपेक्षा धरली की निम्मे गैरवर्तन आपणच तयार करतो. परिपाठ, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हे सगळे लहान गटाला उभे राहून ऐकायला लावणे, हा माझ्या मते केवळ सवयीने चालत आलेला प्रकार आहे. लहानांचा परिपाठ वेगळा आणि आटोपशीर ठेवावा. पाड्यावरच्या ज्या मुलाचा दिवस अंगण, ओढा आणि गुरे यांच्यामध्ये जातो, त्याला चार भिंतींत बसणे हेच मोठे काम असते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम करताना बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली आणि दगड, शिंपले, पाने, बिया यांतून शिकण्याची साधने केली. मुलांना शाळेच्या चौकटीत बसवण्याआधी चौकटच मुलांकडे सरकवण्याचे ते उदाहरण आजही कामी येते.

मुलांचे सर्वाधिक बिनसते ते एक काम संपून दुसरे सुरू होताना. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर, मुलांच्या उंचीवर लावावा, म्हणजे मराठी न समजणाऱ्या मुलालाही पुढे काय आहे आणि आई कधी येणार हे कळते. प्रत्येक बदलाच्या आधी तेच गाणे, तीच डफलीची थाप, तोच हाताचा इशारा असावा. आवडती खेळणी एकेरी न ठेवता जोडीने ठेवावीत. एका कोपऱ्यात चटई, उशी आणि दोन-तीन चित्रांची पुस्तके ठेवून तो शांत होण्याचा कोपरा आहे असे सर्वांना सांगावे. शिक्षा म्हणून तिथे कोणालाही पाठवू नये, नाहीतर तो कोपरा आठवड्यात बदनाम होतो.

चौथी पायरी : नियम कमी, सराव जास्त

तीन नियम पुरतात : हात-पाय स्वतःजवळ, बोलणाऱ्याचे ऐकायचे, वस्तू वापरून जागेवर. प्रत्येक नियम करून दाखवावा, मुलांकडून चुकीचा आणि बरोबर असा दोन्ही प्रकारे अभिनय करून घ्यावा, आणि वर्गातील सर्व घरभाषांत एकदा तरी म्हणवून घ्यावा. पहिले दोन-तीन आठवडे हा सराव रोज व्हावा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा नव्याने.

कशाचा आग्रह धरायचा आणि काय सोडून द्यायचे, हा इथे नव्या शिक्षकांच्या विवेकाचा भाग येतो. सुरक्षिततेचे नियम सर्वांना सारखे असावेत, त्यात घरच्या रीतीची सबब चालवू नये. शिष्टाचाराच्या बाबतीत मात्र सबुरी हवी. कित्येक बोलींत मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात, तेव्हा ‘बाई, तू इकडे ये’ हे उद्धटपणाचे वाक्य नसते; आपण उत्तर देताना ‘तुम्ही’ वापरत राहिलो की मुले काही महिन्यांत ते आपोआप उचलतात. रागावल्यावर मान खाली घालणारे मूल अनेक घरांत आदर दाखवत असते, म्हणून ‘माझ्याकडे बघून बोल’ असा हट्ट धरू नये. भरल्या घरात किंवा चाळीत वाढलेल्या मुलाला दुसऱ्याचे बोलणे चालू असताना बोलणे, अंगाला अंग लावून बसणे यांत काही वावगे वाटत नाही. त्याला पाळी घेऊन बोलणे शिकवावे, पण ते दोष म्हणून नव्हे, तर शाळेची एक नवी रीत म्हणून.

गप्प मुलांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण ती त्रास देत नाहीत आणि म्हणून नजरेतून सुटतात. नव्या भाषेच्या वर्गात आलेले मूल काही आठवडे, प्रसंगी काही महिने, जवळजवळ काहीच बोलत नाही. ते ऐकत आणि साठवत असते. त्याला उभे करून बोलायला लावू नये. चित्रावर बोट ठेवणे, वस्तू आणून देणे, गाण्याच्या हातवाऱ्यांत सामील होणे ही त्याची उत्तरे मानावीत आणि त्याच्याच बोलीतील एखादे मूल शेजारी बसवावे.

प्रसंग घडतो तेव्हा

मूल चावते, ढकलते, जमिनीवर लोळण घेते, त्या मिनिटाला उपदेशाचा काही उपयोग नसतो. आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे, मग ज्याने मारले त्याच्या उंचीला बसून, हळू आवाजात, कमीत कमी शब्दांत, शक्यतो त्याच्या भाषेत सांगावे : ‘चावायचं नाही. दुखतं.’ इतर मुलांना मदतनीस ताईंनी दुसऱ्या कामाला लावावे, कारण प्रेक्षक असले की रडारड लांबते. मूल शांत झाल्यावर, आणि तेव्हाच, काय करायला हवे होते ते त्याच्याकडून एकदा करून घ्यावे. जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणवून घेण्यापेक्षा पडलेल्याला पाणी आणून देणे त्याला जास्त समजते.

मारणे, बाकावर उभे करणे, अंगठे धरायला लावणे, जातीवरून, भाषेवरून किंवा गावावरून टोमणा मारणे हे सर्व बंद. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे म्हणून त्याहून लहान मुलाला चापट मारता येते असा अर्थ काढणारे महाभाग भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

दिवसभरात मुलाला टोकण्यापेक्षा त्याचे चांगले कृत्य नाव घेऊन सांगण्याचे प्रसंग कितीतरी जास्त असावेत. ‘शाब्बास’ एवढे पुरत नाही. ‘तू थांबलास आणि तिला आधी पाणी घेऊ दिलंस’ असे नेमके सांगितले की काय पुन्हा करायचे ते मुलाला कळते.

पाचवी पायरी : आपल्या नजरेची तपासणी

अमेरिकेत येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये बालवर्गाच्या शिक्षकांना चार मुलांच्या खेळाची चित्रफीत दाखवली आणि त्रासदायक वर्तन दिसते का ते शोधायला सांगितले. चित्रफितीत तसे वर्तन मुळात नव्हतेच. पण डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा शिक्षकांची नजर सर्वाधिक वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळलेली आढळली. त्याच देशाच्या शिक्षण खात्याने २०११-१२ या वर्षासाठी दिलेल्या आकड्यांनुसार बालवर्गांत कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती, तर एकाहून अधिक वेळा शाळेतून तात्पुरते काढलेल्या बालकांत ती ४८ टक्के होती. आपल्याकडची घरे वेगळी आणि भेदही वेगळे. पण ज्याच्याकडून खोडीची अपेक्षा असते त्याच्याकडेच पाहत राहण्याची सवय आपल्याही वर्गात असू शकते. तपासण्याचा मार्ग सोपा आहे : महिन्यातून एकदा नोंदवही उघडून कोणाच्या नोंदी जास्त आहेत, कोणत्या वस्तीतल्या आणि कोणत्या भाषेच्या मुलांच्या आहेत, आणि तेच कृत्य करणाऱ्या दुसऱ्या मुलाची नोंद का झाली नाही, हे पाहावे. शक्य असेल तर शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना अर्धा तास आपल्या वर्गात बसवून त्यांच्याकडून नोंद करून घ्यावी.

सहावी पायरी : पालकांशी बोलणे

पहिली भेट तक्रारीची नसावी. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात किंवा मुलांच्या आयांच्या माता-गटात ओळख झालेली असेल तर काम हलके होते; नसेल तर मूल सोडायला येतात तेव्हा एखादी चांगली गोष्ट सांगून सुरुवात करावी. अंबडला बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या बापाला दुपारी बारा वाजता शाळेत बोलावणे म्हणजे त्याचा खाडा करणे होय, आणि तो आला नाही म्हणून त्याला मुलाची पर्वा नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. आठवड्याची सुट्टी, पाड्यावर बाजाराचा दिवस, किंवा संध्याकाळचा फोन असे काहीतरी जुळवून घ्यावे. दुभाषा लागला तर दुसरे मोठे माणूस घ्यावे. मुलाच्याच मोठ्या बहिणीला त्याच्या तक्रारी सांगायला लावू नयेत.

बोलताना असे काही म्हणता येईल : ‘ताई, तुमचा मुलगा गाणी फार पटकन उचलतो. एक गोष्ट तुमच्याकडून समजून घ्यायची होती. डब्याच्या वेळी तो दोन-तीनदा चिडला. घरी असा चिडला तर तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला बहुतेक आया खरे आणि उपयोगी उत्तर देतात. कधी उत्तर ‘दोन ठेवून देते’ असेही येते. त्यावर व्याख्यान न देता ‘इथे आम्ही मारत नाही, म्हणून मी त्याला आधी बाजूला घेऊन बसते, तुम्हीही एक आठवडा करून बघा, मग आपण बोलू’ एवढेच म्हणावे. भेट संपताना घरी आणि शाळेत दोन्हीकडे करायची एकच लहान गोष्ट ठरलेली असावी.

मदत कधी मागावी

घरची भाषा आणि रीत यांच्याकडे बोट दाखवून प्रत्येक अडचण टोलवणे हीसुद्धा चूक आहे. मूल घरच्या भाषेतही वयाच्या मानाने बोलत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर न देण्याबरोबरच माणसांशी कोणतीच देवाणघेवाण करत नसेल, शिकलेले बोलणे किंवा हालचाल विसरू लागले असेल, अथवा चार ते सहा आठवडे व्यवस्थित उपाय करूनही स्वतःला किंवा दुसऱ्यांना इजा करणे थांबत नसेल, तर वाट पाहू नये. आधी ऐकणे आणि दिसणे तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्यांच्यापुढे नोंदवही ठेवावी आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची विनंती करावी. शाळेतील मुलांसाठी गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक मदत करतात. नोंदींतून मुलाला मारहाण किंवा छळ होत असल्याची शंका आली, तर मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा.

मूल वर्ग किंवा गाव बदलते तेव्हा

द्राक्षबागेच्या, वीटभट्टीच्या किंवा ऊसतोडीच्या कामासाठी कुटुंब निघाले की मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे पुढच्या शाळेत दाखल होताना अडवणूक होत नाही. त्याला जोडून अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहावी : घरची हाक, घरभाषा, लघवीला जाण्याचा शब्द, कशाने शांत होतो, कशाने बिथरतो, काय छान करतो, कोणता उपाय लागू पडला. जून महिन्यात वरच्या वर्गाच्या शिक्षकांना देण्याची चिठ्ठीही अशीच असावी. मारामारीच्या जुन्या प्रसंगांची यादी तिच्यात घालू नये, आणि चिठ्ठीखाली आपले नाव आणि फोन क्रमांक लिहावा, कारण पहिल्या आठवड्यात समोरच्या शिक्षकांना विचारायचे प्रश्न चिठ्ठीत मावणारे नसतात.